पाणघोड्याचे पैसे

पडद्यावर हिरवी खूण नेहमीसारखी आली. कागेंडो चहाचा कप उचलायला गेली आणि तिचा हात तिथेच राहिला. खुणेशेजारी वडिलांचं नाव नव्हतं. नाफुला सिमियू, असं कुणाचं तरी नाव होतं. ही कोण बया? तिनं डोळे चोळले, पुन्हा वाचलं, नंबर एकेक आकडा करत ताडून पाहिला. नंबर बाबांचाच. पैसे कुणाच्या नावावर जमा झाले ते दाखवायची सोय पडद्यावर कालच झाली होती. तोवर नुसता नंबर आणि खूण दिसायची, आणि तिला रोज तेवढं पुरत होतं. खाली न्गोंग रोडवर मटाटू मिनीबसवाल्यांचे भोंगे चालले होते, पलीकडच्या टेबलावर कुणीतरी गरम तळलेली मांडाझी फोडून वाटत होतं, आणि ही बसल्या खुर्चीत गार पडली. बाबा जाऊन दीड वर्षावर झालं होतं. मेरूच्या लाल मातीची मूठ तिनं स्वतःच्या हातानं टाकली होती. तरी ते गेले हे आज, या काचेच्या पडद्यावर, कुणीतरी पहिल्यांदा तोंडावर सांगितल्यासारखं तिला वाटलं.

कंपनीचं नाव कीबोको गोल्स. जाहिरातीत दात काढून हसणारा पाणघोडा, म्हणून सगळं नैरोबी तिला पाणघोडाच म्हणायचं. लोक फोनवरून फुटबॉलच्या सामन्यांवर पैजा लावायचे, हरायचे, क्वचित जिंकायचे. जिंकले की फोनकंपनीमार्फत त्यांच्या फोनवरच्या खात्यात पैसे पोचवण्याची वाट कागेंडोनं बांधली होती. पैसे पोचले पाहिजेत, एकदाच पोचले पाहिजेत, आणि ज्याचे त्यालाच पोचले पाहिजेत, एवढंच तिचं काम. ऐकायला सोपं. पण मोठ्या सामन्याच्या संध्याकाळी अर्धा देश एकदम पैसे मागतो, मधल्या फोनकंपनीचा जीव गुदमरतो, आणि सोडलेले पैसे पोचले की वाटेत पडले याचं उत्तरच येत नाही. नव्या पोरांना ती पहिल्या दिवशी हेच सांगायची, की उत्तर आलं नाही याचा अर्थ नकार आला असा धरू नका, थांबा, पुन्हा विचारा. जुन्या यंत्रणेत कुणीतरी तसं धरलं होतं आणि शेकडो लोकांना दुप्पट पैसे वाटून मोकळा झाला होता. ती यंत्रणा तिनं मुळापासून उपटून नवी घातली. आणि तिच्या पायाशी एक छोटीशी युक्ती ठेवली. रोज सकाळी, सामने सुरू व्हायच्या आधी, यंत्रणा आपण होऊन एका ओळखीच्या नंबरावर दहा शिलिंग पाठवी. पोचले, की वाट मोकळी आहे. ऑफिसात याला नाडी बघणं म्हणायचे.

ओळखीचा नंबर म्हणून तिनं बाबांचाच दिला होता. तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं. कुणीतरी हवा होता जो उलट फोन करून खरं सांगेल. बाबा, म्हणजे रुकारिया, ट्रक चालवण्यातून निवृत्त होऊन मेरूला चहाची चार झुडपं सांभाळत बसलेले. त्यांना फोन करायला तेवढंच निमित्त हवं होतं. सकाळी तिचा फोन वाजायचा. “पोचले गं. हा तुझा पाणघोडा रोज उठून मला दहा शिलिंग का देतो? मी काय त्याचा जावई आहे?” ती म्हणायची, “बाबा, तो तुम्हाला देत नाही, वाटेची नाडी बघतो.” “असं होय! मग माझी कोण बघणार?” आणि खो-खो हसायचे. त्यांच्या हसण्यात शेवटी एक खोकला यायचा. तो ऐकून ती दरवेळी म्हणायची, यंदा डॉक्टरकडे जाऊ, आणि दरवेळी कुठलातरी सामना मध्ये यायचा. मग एक दिवस माणूस झुडपांतच पडला आणि गेला. हातातली पानंही सुटली नव्हती म्हणे. ती मेरूला गेली, सगळं केलं, सुटी संपायच्या आत परत आली. ऑफिसात कुणी विचारलं तर “घरी काम होतं” म्हणाली. असं का म्हणाली ते तिला आजही कळत नाही. म्हटलं असतं, माझे बाबा गेले, तर काय बिघडलं असतं? चार जणांनी खांद्यावर हात ठेवला असता. तोच नको होता बहुतेक.

त्यांचा फोन तिनं बरोबर आणला होता. खणात ठेवला, आठवण झाली की चार्ज करायची. नंतर परवान्याच्या भानगडीत कंपनी काही महिने बंद पडली, हिचीच पळापळ झाली, फोन खणात मेला तो मेलाच. न वापरलेला नंबर फोनकंपनी परत घेते आणि दुसऱ्याच्या गळ्यात घालते, हे इथं शेंबड्या पोराला ठाऊक आहे. जिचा सगळा दिवस नंबरांत जातो तीच नेमकी विसरली! कंपनी पुन्हा उघडली तेव्हा तिनं नाडी बघायच्या नंबरांची जुनीच यादी लावली, आणि पहिल्याच सकाळी हिरवी खूण आली. आपला श्वास त्या दिवशी कसा हलका झाला होता, ते तिला आता लख्ख आठवलं. फोन बंद असला तरी खात्यात पैसे जातातच. खातं आहे, नाव आहे, म्हणजे कुठंतरी बाबांना रोज सकाळी कुणी हाक मारतंय आणि ते ओ देतायत. असं तिनं मनाशी शब्दांत कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर स्वतःलाच हसली असती. पण रोजचा चहा मात्र ती त्या खुणेनंतरच प्यायची. आणि इतके महिने ओ देत होती कोण, तर नाफुला सिमियू.

ओयुगीला सांगावंच लागलं. ओयुगी तिचा साहेब. मोठा गडगडाटी माणूस, मनानं वाईट नाही, पण सरकारी तपासनिसाला फार घाबरायचा. “काढ नंबर, घाल दुसरा, मिटलं,” तो म्हणाला. “दहा शिलिंग, कागेंडो! दहा शिलिंगात आजकाल मांडाझी पण येत नाही.”

“त्या बाईला निदान सांगायला नको?”

“काय सांगणार? आमची चूक झाली म्हणून? उद्या ती वकील घेऊन येईल. आपण काही कबूल करायचं नाही, समजलं? आणि घरच्या माणसाचा नंबर यादीत घातला होतास हे तर अजिबात नाही. माझी नोकरी जाईल, आणि माझ्याआधी तुझी.”

ती जागेवर आली. नंबर काढायला एक ओळ पुसायची होती. तिनं त्या ओळीवर बोट नेलं आणि तिथंच ठेवलं. मग तिनं फोन उचलून तो नंबर फिरवला. का, ते सांगता आलं नसतं. कदाचित एकदाच, शेवटचं, त्या नंबरावर घंटा वाजते ती ऐकायची होती.

“कोण?” पलीकडून बाजाराचा गलका आणि बाईचा दणदणीत आवाज.

“नमस्कार. नाफुलाबाई का? मी कीबोको गोल्समधून बोलतेय—”

“तूच का ती! अगं सटवे, कुठं होतीस इतके दिवस? माझ्या घराची होळी करून आता नमस्कार करतेस?”

कागेंडो सॉरी म्हणाली, काय झालं विचारलं, आणि मग पुढं तिला बोलायची गरजच पडली नाही. नाफुलाबाई कांगेमीच्या बाजारात पालेभाजी विकायच्या. थोरल्या मुलीचं नाव नेकेसा, म्हणून सगळा बाजार त्यांना नेकेसाची आई म्हणायचा. गाळ्यावाल्या बायकांची एक भिशी होती आणि तिच्या खजिनदार त्याच. भिशीचा पैसा याच फोनमध्ये. रोज सकाळी फोन वाजायचा, पाणघोड्याचे दहा शिलिंग आल्याचा निरोप. “मला वाटलं, फुकट वाटतायत जाहिरातीला. घेतली कोथिंबीर. पण शेजारच्या गाळ्यावरची केरुबो, तिला दुसऱ्याच्या फोनात नाक घातल्याशिवाय घास उतरत नाही. तिनं वाचलं. झालं! म्हणाली, जिंकते म्हणजे लावते. आणि लावते ते कुणाचे? आपले!”

“पण तुमच्या खात्याचा उतारा दाखवला तर? त्यात पैज लावल्याची नोंदच नसणार.”

“दाखवला. म्हणतात, दुसरा नंबर असेल लपवलेला. केरुबोच्या नवऱ्यानं पाणघोड्यात बकऱ्या घालवल्या, घराचे पत्रे घालवले, तिला कोण समजावणार? येत्या रविवारी बैठक आहे. काढणार मला. काढोत बापड्या, पैसे मोजून देईन. पण पोरी, मी त्या बाजारात पुन्हा तोंड कसं दाखवू? माझ्या नेकेसाचं लग्न ठरतंय.” तो दणदणीत आवाज इथं एकदम बारीक झाला. “तू येऊन सांग. तुझ्या तोंडानं सांग. तुझ्या कागदावर विश्वास नाही बसायचा कुणाचा.”

कागेंडो म्हणाली, “बघते.” नंबर मुळात कुणाचा, हे मात्र तिनं सांगितलं नाही. आमच्या यादीत चुकून राहिला, एवढंच म्हणाली.

मधले दिवस तिचं कशात लक्ष लागेना. सगळं सुरळीत चाललं होतं, हेच तिला सलत होतं. यंत्रणेनं एकदाही चूक केली नव्हती. सांगितलेल्या नंबरावर, सांगितलेली रक्कम, एकदाच, अगदी चोख. आणि त्या चोख दहा शिलिंगांनी एका बाईचं चांगलं नाव पोखरत आणलं. ती बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, मागं बसून घरी निघाली की पुढचा मुलगा सिग्नलला थांबून पाणघोड्यावर पैज लावायचा. आपण बांधलेल्या वाटेवर हा पोरगा रोज चालतो, आणि जिंकला तर पैसे क्षणात देऊन त्याला आपण परत बोलावून घेतो, हे तिला पूर्वीही माहीत होतं. पण तेव्हा तो नुसता एक नंबर असायचा. आता तिला सारखं वाटायचं, प्रत्येक नंबराच्या मागं कुणाची तरी आई कोथिंबीर निवडत बसली असेल. ओयुगीचं काही चूक नव्हतं. नोकरी गेली तर भाडं कुठून द्यायचं? शनिवारी तिनं ठरवलं, जायचं नाही, छापील पत्र पाठवायचं. पत्र लिहिलंसुद्धा. ते इतकं सभ्य, इतकं गुळगुळीत झालं, की वाचून तिला स्वतःचाच राग आला. यात माणूस कुठाय? रविवारी सकाळी ती उठली, तोंड धुतलं आणि सरळ कांगेमीच्या मटाटूत जाऊन बसली. भीती होती. पण त्या भीतीत बऱ्याच दिवसांनी काहीतरी जिवंत होतं.

बैठक चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत होती. बाकांवर बायका, कोपऱ्यात चहाची मोठी किटली, पुढं टेबलाशी भिशीच्या वयस्क अध्यक्षबाई आणि बाजूला, जणू आरोपी, नेकेसाची आई. आवाजावरून कागेंडोला वाटलं होतं त्यापेक्षा ती फारच लहानखुरी निघाली. कागेंडोनं उभं राहून सांगितलं. वाट, नाडी, दहा शिलिंग, चूक आमची, या बाईंनी कधी पैज लावलेली नाही. सांगताना आपलं बोलणं किती पोकळ वाजतंय ते तिचं तिलाच ऐकू येत होतं.

“झालं तुझं?” मागच्या बाकावरून एक उंच बाई उठली. ती केरुबो. “अगं बायांनो, बघा तरी! माझ्या नवऱ्यानं घर धुऊन नेलं तेव्हा पाणघोडा आला नाही सफाई द्यायला. आणि आज हिच्यासाठी गाडीभाडं खर्चून पोरगी आली! किती दिले गं हिनं तुला?”

“काही नाही दिलं. खरंच चूक झाली.”

“चूक! तुमचं यंत्र कधी माझ्या नंबरावर का चुकत नाही? बाजारात एवढ्या बायका, नेमकं खजिनदारावरच चुकलं?”

बायका हसल्या. अध्यक्षबाईंनी हात वर केला. “थांब केरुबो. पोरी, एक सांग. हा नंबर हिनं घेतला त्याच्या आधी कुणाचा होता? त्या माणसाला आण. तो सांगेल, मला पण रोज यायचे म्हणून. मिटेल वाद.”

“त्यांना आणता येणार नाही,” कागेंडो म्हणाली.

“का? पळाला?” केरुबो.

कागेंडोला वाटलं, आता इथून निघावं. पत्रा तापला होता, किटलीतून आल्याचा वास येत होता. नेकेसाची आई तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात आता आशाही फारशी उरली नव्हती. दीड वर्ष जे शब्द तिनं या शहरात कुणाला दिले नव्हते, ते आता बाहेर पडले. “माझ्या बाबांचा होता,” ती म्हणाली. “ते वारले. माझे बाबा वारले. फोन माझ्याकडे होता, मी सांभाळला नाही, नंबर गेला. चूक कंपनीची नाही, माझी आहे.” तिचा आवाज फाटला, तिला त्याची लाज वाटली नाही.

बापाच्या मरणावर कुणी पटकन बोलत नाही. पण केरुबोचे पत्रे गेले होते, ती तरी कशी सोडणार? “वाईट झालं पोरी,” ती हळू पण हट्टानं म्हणाली. “पण मेलेल्या माणसाला साक्षीला आणणं सोपं असतं. नाव काय होतं त्यांचं?”

“रुकारिया. मेरूचे. ट्रक चालवायचे.”

आणि काय झालं कुणास ठाऊक, पुढच्या बाकावरची एक बाई फस्सकन हसली. मग दुसरी. मग खाली मान घालून अख्खी रांग. कागेंडोच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बापाच्या नावावर हसता? ती बोलणार तेवढ्यात तिला दिसलं, की नेकेसाची आई तोंडावर दोन्ही हात धरून उभी आहे आणि केरुबो मटकन बाकावर बसली आहे.

“रुकारिया!” अध्यक्षबाई म्हणाल्या. “अगं, हिच्या म्हाताऱ्याचा रुकारिया!”

मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या, आणि त्यातून हळूहळू उलगडलं. नेकेसाच्या आईनं हा नंबर घेतल्यापासून कुणी म्हातारा दर रविवारी दुपारी फोन करायचा आणि रुकारियाला बोलाव म्हणायचा. ही म्हणायची, इथं कुणी रुकारिया नाही, नंबर माझा आहे. तो म्हणायचा, खोटं बोलतेस, कुठं लपवलास त्याला, तू त्याची दुसरी बायको का? भिशीच्या बायकांना तो किस्सा तोंडपाठ होता. तुझ्या म्हाताऱ्याचा फोन आला का, तुझा रुकारिया सापडला का, असं म्हणून त्या हिला महिनोन्‌महिने छळत होत्या. खुद्द केरुबोनं तर त्याची नक्कल बसवली होती. हे नाव बाहेरच्या पोरीला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

“खजिनदारी हिच्याकडेच राहील,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “कुणाला काही म्हणायचंय?” केरुबो जमिनीकडे बघत होती. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, आणि माफी तर मुळीच मागितली नाही.

कुणीतरी कागेंडोच्या हातात चहा दिला, कुणीतरी तिला ओढून बाकावर बसवलं, आणि एका अनोळखी, रुंद, भाजीच्या मातीनं खरखरीत झालेल्या हातानं तिची पाठ चोळायला सुरुवात केली. ती रडली. बाबांसाठी, धड, मोठ्यानं रडली. आणि आश्चर्य म्हणजे त्या रडण्यानं तिला भूक लागली.

“त्या म्हाताऱ्याचं नाव काय?” तिनं नाक पुसत विचारलं.

“म्वाकियो का कायसं,” नेकेसाची आई म्हणाली. “व्होईकडचा. तुझ्या बाबांबरोबर मोंबासाच्या वाटेवर ट्रक चालवायचा म्हणे. पोरी, त्याला कुणीतरी सांगायला हवं. माझं तो ऐकत नाही.” आणि उत्तराची वाटही न बघता तिनं फोन लावून, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. बायका पुढं वाकल्या.

“काय गं बये,” पलीकडून घोगरा आवाज आला, “आज तूच फोन केलास? दया आली वाटतं. दे त्याला.”

“काका, मी कागेंडो. रुकारियांची मुलगी.”

“अरे!” म्हातारा खुलला. “बघ, म्हणजे तिथंच आहे तो! मला माहीत होतं. कुठाय?”

“बाबा गेले, काका. दीड वर्ष झालं. तुम्हाला कुणी कळवलं नाही. माझ्याकडून राहिलं.”

फोनमधून दूर कुठंतरी कोंबडा ओरडल्याचं ऐकू आलं.

“गेला होय,” म्हातारा अखेर म्हणाला. मग, “शांतपणे गेला?”

“हो. आपल्या चहाच्या झुडपांत.”

“बरं झालं. बरं झालं गं.” त्यानं घसा साफ केला. “म्हणजे ती बाई खरं बोलत होती. आणि मी तिला दर रविवारी लबाड म्हणत राहिलो. आहे का ती तिथं? मला बोलू दे तिच्याशी.”

नेकेसाच्या आईनं फोन हातात घेतला, तोंडाशी नेला, पण तिचे खांदे हलायला लागले. मागच्या बाकावर हालचाल झाली. केरुबो उठली, बायकांमधून वाट काढत टेबलाशी आली, आणि वाकून त्या फोनमध्ये ओरडली, म्हातारा जणू फोनशिवाय, व्होईहून नुसत्या कानानंच ऐकणार होता, “आहे, इथंच आहे! रडतेय. आम्हीसुद्धा तिला लबाडच म्हणत होतो, बाबा.”